रेंज नसली तरी

"दादा, गडावर रेंजच नसते. तिथं जीपीएस काय करणार?"

एम.जी. रोडवरच्या दुकानात काउंटरवरचा मुलगा अगदी मनापासून म्हणाला. समोर दणकट फोन ठेवलेला, कडांना जाड रबर, चार्जिंगच्या खाचेवर घट्ट बसणारं झाकण.

त्याचं बोलणं डोक्यातून जाईना. ट्रेकला येणारी कितीतरी मुलं हेच धरून चालतात.

अरे, जीपीएसला टॉवर लागतच नाही! साधारण 20,000 किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहांचे सिग्नल फोन नुसता ऐकतो. चार उपग्रह मिळाले की आपण कुठं आहोत ते सांगतो, फ्लाइट मोडमध्येसुद्धा. नेट असलं तर पहिल्यांदा जागा लवकर सापडते, एवढंच. अडतं ते नकाशावर. तो घरूनच डाउनलोड करून न्यायचा.

आणि बॉक्सवरचं 'आयपी 68' धूळ-पाण्यापुरतं असतं. हरिहर गडाच्या पायऱ्यांवरून फोन निसटला तर त्याचा काही उपयोग नाही.

मला विचाराल तर रबराआधी बघावं, फोनमध्ये एल1 आणि एल5 या जीपीएस सिग्नलच्या दोन्ही फ्रिक्वेन्सी आहेत का. कड्यांवर आपटून येणाऱ्या सिग्नलमुळे जागा चुकते, ती चूक एल5मुळे बरीच कमी होते. दुकानात हे कुणी सांगत नाही, आपणच विचारावं लागतं.

पावसाळ्यात अंजनेरीवर धुकं उतरलं की पुढची वाट दिसत नाही. तुमच्या ग्रुपमध्ये निघण्याआधी नकाशा कोण कोण डाउनलोड करून घेतं?