अक्षर ‘या’ आलंय

मंगळवार

बाळ सहा दिवसांची झाली आणि घरात अजून तिला ‘बाळ’च म्हणतात. काल गुरुजींचा फोन आला. ज्येष्ठा नक्षत्र, दुसरा चरण, अक्षर ‘या’. नक्षत्राची शांत करून घ्या, असंही म्हणाले. दादा म्हणाला करू, वहिनी म्हणाली बघू. याचा अर्थ होणार नाही.

नावरस, म्हणजे नक्षत्रावरून येणारं नावाचं अक्षर, पाळायचाच असं आमच्याकडे काही नव्हतं. पण मोबाइलवर नावं बघून बघून सगळ्यांचं डोकं उठलं होतं, तेव्हा निदान एका अक्षराचा आधार बरा वाटला. तर ‘या’वरून मिळालेली नावं: याना, यारा, याश्वी. अर्थ बघावा तर एकजात ‘लक्ष्मी’ नाहीतर ‘यश देणारी’. यारा ठेवलं तर बोरिवली स्टेशनबाहेरचा प्रत्येक रिक्षावाला तिला हाक मारून जाईल, असं मी म्हटलं. दादा हसला. वहिनी अजिबात हसली नाही. ते नाव तिच्या यादीत होतं.

मग तिने यादी बंद केली आणि म्हणाली, “मला जुनं नाव हवंय. पण फार जुनं नको.”

बुधवार

हे ‘फार जुनं नको’ दिवसभर डोक्यात होतं. मी गिरगावातल्या मुलींच्या शाळेत लेखनिक आहे. आमच्या कपाटात जनरल रजिस्टरं आहेत, पानं बिस्किटासारखी तुटतात अशी. दुपारी एक दाखला शोधायचा होता, त्या निमित्ताने तासभर नुसती नावंच वाचत बसले.

चाळिसाच्या दशकात सिंधू, कुसुम, मालती, शकुंतला. एका तुकडीत चार विमल. पुढे सुनंदा, रंजना, अलका. मग संगीता-सुनीता-अनिता यांची लाट, मग पूजा आणि प्रियांका. आता पहिलीत अन्वी, स्वरा, ओवी. प्रत्येक पिढीला वाटलं असणार की आपण काहीतरी वेगळं ठेवतोय. शाळा सोडल्याचं कारण या रकान्यात जुन्या पानांवर किती ठिकाणी ‘लग्न’ लिहिलंय, ते मोजायला घेतलं आणि सोडून दिलं.

पण मधेमधे दुसरीही नावं आहेत. गिरणगावातून आलेल्या मुलींची, कोकणातल्या, घाटावरच्या. धोंडू, कोंडा, भिकी, चिमा. आधीची मुलं जगली नाहीत म्हणून दगडाधोंड्याचं नाव ठेवायचं, म्हणजे कुणाची दृष्ट लागणार नाही. एका पानावर ‘नकुशी’ही आहे. मुलगी नको होती आणि झाली, तिचं नाव. हे काही फार पूर्वीचं नाही; साताऱ्यात २०११ साली प्रशासनाने कार्यक्रम घेऊन नकुशी, नकोशा अशा २८५ मुलींना नवी नावं दिली होती.

तेव्हा जुनं नाव परत आलं, फॅशनमध्ये आलं असं आपण म्हणतो ना, तेव्हा गार्गी येते, मैत्रेयी येते, फार तर रमा येते. पोथीतलं जुनं येतं. धोंडाबाई कुणी परत आणत नाही. मीही आणणार नाही, खोटं कशाला बोलू.

गुरुवार

सकाळी नेहमीच्या डब्यात आमच्या ग्रुपसमोर विषय काढला आणि पस्तावले. अंधेरी येईपर्यंत अकरा नावं. “यशोदा ठेव, गोड आहे.” “शी, यशोदेचं पोर तिचं नव्हतंच.” “येसू?” येसू मला मनापासून आवडलं. पण बांद्र्याला चढणाऱ्या मैत्रिणीने नुसतं माझ्याकडे बघितलं आणि आम्हाला कळलं. येसूबाईंनी कैदेत कितीही वर्षं काढलेली असोत, मुंबईत आमच्या बाळाला कॉन्व्हेंटमध्ये येशू म्हणूनच ओळखतील.

शाळेत एक सत्तरीच्या बाई दाखल्यासाठी आल्या. रजिस्टरमध्ये सिंधू, आधार कार्डावर स्मिता. दोघी एकच, हे दाखवायला लग्नाचा दाखला हवा. पन्नास वर्षांपूर्वी लग्नाची नोंदणी करायला कोण जात होतं? आता प्रतिज्ञापत्र करा, राजपत्रात छापा. बाई म्हणाल्या, “मला तर सिंधू म्हणून हाक मारणारं कुणी उरलंही नाही हो.” मी त्यांना चहा दिला. दुसरं काय देणार.

रविवार

आज घडलं ते नीट लिहून ठेवते.

चाळ पुनर्विकासाला गेल्यापासून आजी दादाकडे असते. खिडकीशी तिची कॉट. ९१ वर्षांची आहे, ऐकू कमी येतं, म्हणजे तिला हवं तेव्हा येतं. आम्ही बाळाच्या पाळण्याशी बसलो होतो आणि वहिनी यादी मोठ्याने वाचत होती. “यामिनी. यशोधरा. यमुना...”

“काय गं?” आजी म्हणाली.

वहिनी म्हणाली, काही नाही आजी, तुम्हाला नाही. आणि वाचत राहिली. माझ्या मात्र लक्षात आलं. आजीचं नाव सुशीला. रेशनकार्डावर सुशीला, पेन्शनीच्या पासबुकात सुशीला, आजोबांच्या उखाण्यातही (आजीनेच पाठ केलेला, त्यांना येत नव्हता) सुशीला. मी कॉटवर जाऊन बसले.

माहेरी ती यमुना होती. सगळे यमी म्हणायचे. १९५१ साली लग्न झालं, तेव्हा तांदळाच्या ताटात अंगठीने नाव लिहिलं. “मला वाचता येत होतं, चौथी झालेली. वाकून वाचलं. सु-शी-ला. म्हटलं, ही कोण?”

नाव का बदललं, तर थोरल्या जाऊबाई आधीच यमुना होत्या. एका घरात दोन यमुना कशा चालतील? आणि त्या जाऊबाई मूळच्या बनू. त्यांनाही लग्नातच यमुना केलेलं.

“म्हणजे तुझं नाव बनूला दिलं होतं,” मी म्हटलं.

“मग! आणि ती नीट वापरायची पण नाही,” आजी म्हणाली. मुलंबाळं थोरलीला काकू म्हणायची, दीर-सासरे ‘अगं ए’. म्हणजे यमुना नावाने कुणालाच हाक जात नव्हती, पण ते मोकळंही नव्हतं.

आई ऐकत होती. तिच्या वेळेलाही सासूचं नाव घ्यायचं नाही म्हणून कित्येक घरांत आजीचं नाव ठेवलेल्या नातीला बेबी, छबी, ताई म्हणायचे. नाव आहे, फक्त तोंडाने घ्यायचं नाही. वहिनीने लग्नात नाव बदललं नाही, आडनावही नाही. ती म्हणाली, “मग यमुनाच ठेवू या.” एवढं सरळ.

आजी एकदम फणकारली. “मी आहे अजून. जित्या माणसाचं नाव ठेवतात होय?”

सोमवार

झोप नाही. आनंदीबाई जोशी, १८८६ साली अमेरिकेत डॉक्टर झाल्या, वर्षभरात गेल्या. त्या जन्माने यमुना. न्यायमूर्ती रानड्यांच्या रमाबाई, आमच्या शाळेपासून चालत दहा मिनिटांवर गावदेवीत सेवासदन आहे त्याच्या पहिल्या अध्यक्ष, त्याही माहेरच्या यमुना. दोघी शाळेच्या पुस्तकात आहेत, पण यमुना म्हणून नाहीत. आणि १८८९ साली पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदासदन काढलं तेव्हा तिथे आलेली विधवा मुलगी गोदू, तिने १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केला आणि तिचीही आनंदीबाई झाली. एवढं धाडसी लग्न आणि नावाचं मात्र नेहमीसारखंच.

दादाचं म्हणणं वेगळं. “फोनवर नाव सांगितलं की लोक तिला पन्नाशीची समजतील.” समजू देत. बँकेतले जरा नीट बोलतील.

आईची काळजी निराळीच. यमाची बहीण, त्यात ज्येष्ठा नक्षत्र. मी म्हटलं, म्हणूनच भाऊबीज आहे ना, यम तिच्याकडे जेवायला जातो. ती गप्प झाली. पटलं म्हणून नाही, गॅसवर दूध होतं.

बुधवार

आजीने आपण होऊन विषय काढला. मी तिच्या पायाला तेल लावत होते.

“ठेवा यमुना.”

“तूच म्हणालीस ना, जित्या माणसाचं नाही ठेवत.”

“जिती सुशीला आहे. यमी कधीच गेली.”

हे तिने कुरकुरीच्या सुरात नाही, भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं. वर म्हणाली, तेल थोडं गरम करायला हवं होतं.

शनिवार

बारसं झालं. बाराव्या दिवशी जमलं नाही, लोकांना सुट्टी हवी. पाळणा भाड्याने आणला, त्याची एक कडी करकरत होती. कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या करत बायकांनी बाळाला पाळण्याखालून फिरवलं, सगळ्या वेळात ती झोपलेली. मी वाकले, कानात कुर्रर्र केलं आणि नाव सांगितलं, तोच पाठीत असे धपाटे बसले की उद्यासुद्धा दुखणार. वहिनीच्या मैत्रिणी म्हणाल्या, वॉव, किती रेट्रो! वहिनी खूश. मला तो शब्द जरा टोचला, पण रागावण्यासारखं काही नव्हतं.

आजी म्हणाली, यमी नका करू हं तिचं, पूर्ण हाक मारा. संध्याकाळपर्यंत सगळ्यांनी यमू केलं होतं, आजीनेसुद्धा.

आता कागद. दवाखान्यातून जन्माची नोंद झालीय, नावाचा रकाना रिकामा आहे. वर्षाच्या आत नाव घातलं तर फी लागत नाही. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांचं नाव आपल्याकडे आधी स्वतःचं, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव असं लिहायचं असतं. दादाला हे तीनदा सांगितलंय. आजीच्या गावच्या शाळेत आजीची नोंद सापडते का ते बघायला मी पत्र टाकणार होते. आजी म्हणाली, ती शाळा देवळात भरायची, रजिस्टर कसलं. म्हणजे आजीचं यमुना हे नाव आजपर्यंत एकाही कागदावर नव्हतं.

दादा अजून वॉर्ड ऑफिसात गेलेला नाही. सोमवारी आठवण करायची. घुगऱ्या खूप उरल्यात, शाळेत न्यायच्या.