सिलिंडरचा नंबर आणि होलोग्राफिक साइट

माझ्या उजव्या डोळ्याच्या नंबरात सिलिंडर आहे, सव्वाचा (म्हणजे अ‍ॅस्टिग्मॅटिझम, ज्यात ठिपका पसरून तिरका दिसतो). रायफलवर कुठली साइट, म्हणजे नेम धरायचं साधन, लावायची हा प्रश्न माझ्यापुरता तिथूनच सुरू होतो. क्लबातले बाकीचे लोक ब्रँडपासून सुरू करतात, आणि मग दोन तास भांडतात.

आधी थोडी पार्श्वभूमी, कारण हे वाचणारे बरेच जण सांगली-पुण्याकडचे आहेत. मी टेक्सासात ह्यूस्टनजवळ केटीला राहते. ग्रीन कार्ड आल्यावर एआर-१५ रायफल घेतली (एच-वन-बी व्हिसावर असताना इथे बंदूक घेणं कायद्याने जवळजवळ बंदच आहे, शिकारीच्या परवान्यासारखे थोडे अपवाद सोडले तर). ती वापरते फक्त क्लबच्या स्पर्धांसाठी. सात यार्डांपासून शंभर यार्डांपर्यंत टार्गेट, वर घड्याळ चालू. नवऱ्याला यात काडीचा रस नाही, पण मॅचच्या दिवशी डबा तोच भरून देतो.

सुरुवातीला क्लबातल्या एकाची रेड डॉट साइट लावून पाहिली. सगळे म्हणतात की छान गोल, बारीक लाल ठिपका दिसतो. मला दिसला तासगावच्या द्राक्षांचा घड, तोही तिरका लोंबणारा. साइट खराब असेल असं वाटू शकतं, म्हणून एक सोपी परीक्षा सांगते. मोबाइलचा कॅमेरा साइटमागे धरून फोटो काढा. फोटोत ठिपका गोल आला तर दोष काचेचा नाही, आपल्या डोळ्याचा. माझ्या फोटोत तो अगदी गोल आला होता.

मग होलोग्राफिक. रेड डॉटमध्ये छोटा एलईडी पुढच्या बाकदार काचेवर प्रकाश टाकतो आणि त्या काचेवरचा थर लाल रंग तेवढा डोळ्याकडे परतवतो. होलोग्राफिकमध्ये लेझर डायोड असतो. त्याचा प्रकाश आतल्या आरशांवरून फिरत अशा काचेवर पडतो, जिच्यात वर्तुळ आणि ठिपक्याची खूण होलोग्राम म्हणून नोंदलेली असते. होलोग्रामच्या प्रत्येक तुकड्यात सगळं चित्र असतं, त्यामुळे काच अर्धी चिखलाने भरली तरी उरलेल्या भागातून खूण पूर्ण दिसते. डेनिस गाबोर यांना होलोग्राफीसाठी १९७१चं नोबेल मिळालं, पण लेझर वापरून ती खरी मार्गी लावली मिशिगन विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत एमेट लीथ आणि युरिस उपाटनिएक्स या दोघांनी, १९६०च्या दशकात. त्याच प्रयोगशाळेतून पुढे निघालेल्या संस्थेने १९९०च्या दशकात ईओटेक ही होलोग्राफिक साइट बनवणारी कंपनी काढली. एका लाल वर्तुळामागे एवढं घराणं आहे हे मला आवडतं.

माझ्या डोळ्याला होलोग्राफिकमध्येही खूण कोरीव दिसत नाही, हे सांगायलाच हवं. लेझरमुळे ती जरा रवाळ असते आणि सिलिंडर तिथेही आपलं काम करतोच. पण भोवती मोठं वर्तुळ असल्याने डोळा आपोआप मध्य शोधतो. मधला ठिपका थोडा पसरला तरी नेम चुकत नाही. प्रकाश दोन-तीन पायऱ्या कमी केला आणि नजर खुणेवर न ठेवता टार्गेटवर ठेवली की आणखी बरं. ज्यांचा सिलिंडर माझ्याहून जास्त आहे त्यांनी प्रिझम साइट बघावी. तिच्यात खूण काचेवरच कोरलेली असते आणि डोळ्याप्रमाणे फोकस फिरवता येतो.

होलोग्राफिकच्या विरोधात एकच भक्कम मुद्दा आहे, बॅटरी. रेड डॉट बनवणारी एमपॉइंट कंपनी तिच्या प्रो मॉडेलसाठी ३०,००० तास सांगते. म्हणजे चालू करून तीन वर्षं विसरून जा. ईओटेकच्या एका सीआर-१२३ बॅटरीवर साधारण हजार तास. घराच्या राखणीसाठी कपाटात तयार ठेवायची रायफल असेल तर मी डोळे झाकून रेड डॉट सुचवेन. माझी रायफल मॅचच्या सकाळी तिजोरीतून निघते आणि संध्याकाळी परत जाते. शिवाय साइट विसरून चालू राहिली तर काही तासांनी आपली आपण बंद होते. मला हजार तास पुष्कळ झाले.

दुसरी शंका तापमानाची, आणि ती मी हसण्यावारी नेली नाही. लेझरची तरंगलांबी तापमानासोबत सरकते, ती सांभाळून घ्यायला आत एक वेगळी ग्रेटिंग (बारीक रेघांची पट्टी) बसवलेली असते. २०१५ साली ईओटेकच्या तेव्हाच्या मालक कंपनीने, एल-३ने, अमेरिकी सरकारला २.५६ कोटी डॉलर देऊन खटला मिटवला. आरोप असा होता की कडाक्याच्या थंडीत आणि उन्हाळ्यात नेम सरकतो हे ठाऊक असून लपवलं. २०२०मध्ये मालक बदलले. ह्यूस्टनच्या ऑगस्टमध्ये राहणाऱ्या बाईने यावर विश्वासाने नाही, गोळ्या झाडूनच मत बनवावं. मी एकदा एसीतून थेट रेंजवर आणि एकदा भर दुपारी उन्हात ठेवून तपासलं. ५० यार्डांवर जो फरक आला तो माझ्या हाताच्या थरथरीत सहज लपेल.

पर्याय खरे दोनच होते, व्हॉर्टेक्सची यूएच-१ आणि ईओटेकची ईएक्सपीएस मालिका. व्हॉर्टेक्सची आयुष्यभराची हमी मोह पाडणारी आहे, पण तिच्या वर्तुळाखाली एक त्रिकोण आहे आणि माझ्या डोळ्याला तेवढीही गर्दी नको होती. घेतली ईएक्सपीएस२-०. ईएक्सपीएस३ नाइट व्हिजनसोबत चालते, म्हणून महाग. माझ्याकडे नाइट व्हिजन नाही, रात्री मी झोपते. बटणं बाजूला असलेलीच घ्या. पाठीमागे बटणं असतील आणि पुढे कधी साइटमागे भिंग बसवलंत तर बोटं पोचत नाहीत.

आता खरी मजा वर्तुळाची. साइट नळीच्या अडीच-पावणेतीन इंच वर बसते, त्यामुळे ५० यार्डांवर झीरो केलेली (म्हणजे ठिपका आणि गोळी एकाच जागी जुळवलेली) रायफल सात यार्डांवर ठिपक्याच्या दोनेक इंच खाली मारते. नवखे लोक इथेच गुण घालवतात. वर्तुळाचा व्यास ६८ एमओए (एमओए हे कोनाचं माप, एका अंशाचा साठावा भाग), म्हणजे त्रिज्या ३४. सात यार्डांवर हे अंतर जवळजवळ अडीच इंच भरतं. म्हणून जवळच्या टार्गेटवर ठिपका नाही, वर्तुळाची तळची रेघ ठेवायची. गणित कागदावर मांडून बघितलं तेव्हा मी स्वयंपाकघरात एकटीच हसले होते.

झीरो करताना एक क्लिक अर्धा एमओए, म्हणजे ५० यार्डांवर पाव इंच. तीन गोळ्यांचा गट बघूनच क्लिक फिरवा, एकेका गोळीमागे धावू नका.

भाच्याने विचारलंय, ‘आत्या, स्वप्नील कुसाळेच्या रायफलवर पण हेच असतं का?’ नाही रे. पॅरिसला २०२४मध्ये कांबळवाडीच्या या पोराने ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये कांस्य जिंकलं ते साध्या छिद्राच्या साइटवर. तिथे ना लेझर ना बॅटरी, वर्तुळातून वर्तुळ बघायचं. आणि येताना एक आण असंही म्हणू नकोस. या साइट अमेरिकेबाहेर न्यायला निर्यात परवाना लागतो. तुझ्यासाठी नेहमीप्रमाणे चॉकलेटं आणि बूट.