यलोस्टोन आणि टेटन ट्रेलरने: मोरी तुंबू नये म्हणून

सप्टेंबरात सॉल्ट लेक सिटीहून भाड्याचा ट्रेलर, म्हणजे स्वयंपाकघर-संडास असलेलं चाकांवरचं घर, गाडीला जोडून यलोस्टोन आणि ग्रँड टेटन ही अमेरिकेतली राष्ट्रीय उद्यानं करून आलो. सोबत भारतातून आलेले सासू-सासरे. गरम पाण्याची कारंजी (गीझर) आणि बायसनचे फोटो सगळ्यांनी पाहिलेत, त्यामुळे ते जाऊ दे. ट्रेलरच्या पोटात साठणाऱ्या सांडपाण्याचं काय करायचं, हे मात्र निघण्याआधी मला मराठीत कुठे वाचायला मिळालं नाही. रोज वरण-भात शिजणार असेल तर सहलीचं निम्मं सुख त्यावरच ठरतं.

मार्ग सरळ आहे. आय-१५ महामार्गाने आयडाहो फॉल्स, तिथून यूएस-२० ने वेस्ट यलोस्टोन, साधारण ३२० मैल. ट्रेलर ओढताना सहा-सात तास धरा. मुक्काम आधी मॅडिसन कॅम्पग्राउंड, मग फिशिंग ब्रिज आरव्ही पार्क (आरव्ही म्हणजे अशी राहायची वाहनं), शेवटी टेटनमधलं कोल्टर बे. हा क्रम मुद्दाम ठेवला. मॅडिसनला तुमच्या जागेवर नळ नाही, वीज नाही, ड्रेनेज नाही. कॅम्पग्राउंडला एक डम्प स्टेशन, म्हणजे सांडपाण्याच्या टाक्या रिकाम्या करायची जागा आहे, तेवढंच. यलोस्टोनच्या आत पाणी, वीज, ड्रेनेज हे तिन्ही जागेवर मिळतं ते फक्त फिशिंग ब्रिजला. अस्वलांमुळे तिथे तंबूला परवानगी नाही, टणक भिंतींचीच वाहनं चालतात. कोल्टर बेच्या आरव्ही पार्कमध्येही तिन्ही सोयी आहेत. म्हणजे काटकसर आधी, चैन नंतर.

टाक्या तीन. फ्रेश म्हणजे चांगलं पाणी, ग्रे म्हणजे सिंक आणि शॉवरचं, ब्लॅक म्हणजे कमोडचं. प्रत्येकी तीस-चाळीस गॅलनच्या आसपास असतात. सगळे घाबरतात ब्लॅकला. माझं मत विचाराल तर मराठी घराला खरी अडचण ग्रेची. आपण भांडी वाहत्या नळाखाली घासतो, तांदूळ तीन पाण्यांनी धुतो, कुकर विसळतो आणि वर आंघोळही रोज करतो. तीस गॅलन म्हणजे जेमतेम ११४ लिटर. तेवढं भरायला काय वेळ लागतो?

मॅडिसनला तेच झालं. टाक्या किती भरल्या ते दाखवणाऱ्या पॅनेलवर ग्रेचा दिवा दोन तृतीयांश दाखवत होता. रात्री भांडी चालू असताना सासूबाई बाथरूममधून ओरडल्या, "अगं, मोरी तुंबली बघ!" शॉवरच्या तळात हळदीचं पिवळं पाणी चढत होतं आणि त्यावर कोथिंबिरीची दोन पानं तरंगत होती. कारण साधं आहे. त्या पॅनेलवर दिवे तीनच: एक तृतीयांश, दोन तृतीयांश, भरली. दुसरा दिवा लागला म्हणजे टाकी तेवढीच भरली असेल किंवा काठोकाठ यायला बोटभर उरली असेल, दोन्ही शक्य. त्यात आमची जागा उताराची. टाकी भरली की पाणी सगळ्यात खालच्या तोंडातून वर येतं, आणि ट्रेलरमध्ये ते तोंड शॉवरचं.

असं झालं तर आधी नळाला पाणी देणारा पंप बंद करा. शॉवरमधलं पाणी मगने बादलीत काढा आणि कॅम्पग्राउंडच्या भांडी घासायच्या सिंकमध्ये ओता. झाडाखाली बिलकुल नको. नियमात बसत नाही, आणि वरणाच्या वासाने अस्वलाला आमंत्रण जातं. टाकी रिकामी करायची तर सगळा ट्रेलर पुन्हा गाडीला जोडून डम्प स्टेशनपर्यंत न्यावा लागतो. म्हणून चाकांची वेगळी सांडपाण्याची टाकी मिळते ती भाड्याने घ्याच. पंधरा गॅलनची भरली की सत्तावन्न किलोच्या आसपास होते, हे लक्षात ठेवून उचलायला जा, नव्हे, उचलूच नका, ओढा.

त्या रात्रीनंतर स्वयंपाकघराचा कारभार बदलला. ताटं, कढई आणि फोडणीची पळी आधी पेपर टॉवेलने पुसायची. थंडीत तेल पाइपमध्ये थिजतं आणि टाकीतल्या सेन्सरवर बसलं की रिकामी टाकीही भरलेली दिसते. सिंकमध्ये एक टब ठेवायचा, त्यात भांडी बुडवून घासायची, ते पाणी गाळून कमोडमध्ये ओतायचं. दिवसा कॅम्पग्राउंडचे संडास वापरले तर ब्लॅकमध्ये जागा शिल्लक असते, आणि ब्लॅकला पाणी हवंच असतं.

कारण ब्लॅक तुंबते ती पाणी कमी पडल्यामुळे. आपल्या पाणी वापरायच्या सवयीचा इथे फायदाच होतो. टाकी लवकर भरते, पण आतलं सगळं वाहतं राहतं. सुरुवातीला रिकाम्या टाकीत दोन-तीन गॅलन पाणी आणि वास मारणारं औषध घाला. वेट वाइप्स आत जाऊ देऊ नका, पाकिटावर काहीही लिहिलेलं असो. फिशिंग ब्रिजसारख्या ठिकाणी ड्रेनेज जोडलेलं असलं तरी ब्लॅकचा व्हॉल्व्ह बंदच ठेवा. उघडा ठेवला तर पाणी निघून जातं, बाकीचं तळाशी बसून घट्ट होतं. टाकी भरत आल्याची खूण दिव्यापेक्षा कमोड चांगली देतो: पेडल दाबलं की खालून बुडबुड आवाज आणि वासाचा भपकारा. तो आला की वापर बंद.

रिकामी करताना रबरी हातमोजे घाला. पाइपचं झाकण काढण्याआधी खाली बादली ठेवा आणि बाजूला उभे राहा, कारण व्हॉल्व्हच्या मागे कपभर तरी साचलेलं असतंच. होज जोडा, त्याचं दुसरं टोक जमिनीतल्या तोंडात घट्ट बसलंय ना बघा. आधी ब्लॅक, मग ग्रे, म्हणजे साबणाच्या पाण्याने होज धुऊन निघतो. होजच्या तोंडाला पारदर्शक वाकडा जोड असेल तर आधी तपकिरी, मग चहाच्या रंगाचं, मग जवळजवळ स्वच्छ, असं दिसत जातं. टाकी आतून धुवायचं नळीचं कनेक्शन वापरणार असाल तर ब्लॅकचा व्हॉल्व्ह उघडा आहे याची खात्री करा आणि तिथून हलू नका. बंद टाकीत पाणी सोडून माणूस कॉफी प्यायला गेला तर ते कमोडमधून नाहीतर छपरावरच्या पाइपातून बाहेर येतं. डम्प स्टेशनला सकाळी दहा-अकराला रांग असते, दुपारी जा.

फिशिंग ब्रिजला एका रात्री ट्रेलरखाली धार लागली. आधी धस्स झालं, पण वास घेतला तर साधं पाणी. पार्कचा नळ जोडलेला असताना पंपाजवळचा एकतर्फी व्हॉल्व्ह नीट बसला नाही की ते पाणी फ्रेश टाकीत शिरतं आणि ती भरून खालच्या नळीतून वाहते. नळ बंद करून थोडा वेळ पंप चालवला, अडकलेला कचरा सुटला असावा, कारण धार परत आली नाही. तसाही रात्री नळ बंद करून होज आत घ्यावा. ७,८०० फुटांवर सप्टेंबरात पाणी गोठतं. नळाला प्रेशर रेग्युलेटर, म्हणजे पाण्याचा दाब आवरणारा जोड लावायला विसरू नका.

परतताना जॅक्सन गावाहून टेटन पास या घाटाने जाऊ नका, तिथला चढ-उतार १० टक्क्यांचा आहे. अल्पाइनवरून यूएस-८९ घ्या, आणि कोल्टर बेलाच टाक्या रिकाम्या करून निघा. भरलेल्या तीस गॅलनचं वजन ११३ किलो होतं. ब्लॅकमध्ये थोडं साबणाचं पाणी घालून ठेवलं की वाटेतल्या हेलकाव्यांनी ती आतून धुतली जाते. ते सॉल्ट लेकजवळ डम्प स्टेशन असलेल्या पेट्रोल पंपावर सोडा. तिथे ‘पिण्यायोग्य नाही’ लिहिलेला नळ असतो, त्याला पिण्याच्या पाण्याचा होज लावू नका. ट्रेलर परत घेताना भाड्यावाले कमोडमध्ये टॉर्च मारून बघतात आणि टाकीत काही राहिलं असेल तर वेगळे पैसे लावतात, तेव्हा करार आधीच नीट वाचून ठेवा.