खोगीर दुरुस्तीपासून तंगापर्यंत : आमची वाटचाल

आमचं काम सुरू झालं ते वेस्टर्न, म्हणजे अमेरिकन गुराख्यांच्या धाटणीच्या खोगिरांच्या दुरुस्तीतून. उसवलेली शिवण, झिजलेल्या रिकिबीच्या पट्ट्या, तडकलेलं चामडं. खोगिरासोबत बहुधा त्याचा तंग, म्हणजे ते घोड्याच्या पोटाखालून बांधायचा पट्टाही यायचा. वर जिवापाड जपलेलं नक्षीदार खोगीर आणि खाली घामाने कडक झालेला, गंजक्या बकलांचा तंग, हे पाहून जीव तुटायचा. खोगीर पाठीवर टिकतं ते मुळात तंगामुळे. स्वाराचा सगळा भार त्याच्या भरवशावर, आणि घोड्याची नाजूक कातडी त्याच्याखाली. म्हणून आम्ही तंग स्वतः बनवायला घेतले.

पहिले तंग निओप्रीनचे, म्हणजे कृत्रिम रबराचे होते. ते घाम पीत नाहीत, पुसून लगेच स्वच्छ होतात. ज्या तबेल्यात एक तंग दोन-तीन घोड्यांना लावावा लागतो, तिथे आजही आम्ही तोच सुचवतो, कारण तो प्रत्येक वेळी जंतुनाशकाने धुता येतो. पण त्याखाली उष्णता कोंडते आणि काही घोड्यांची कातडी ते सोसत नाही.

आमचं खरं शिक्षण एका घोडीने केलं. मालकाने ३० इंची तंग मागितला, आम्ही दिला. माप कसं घेतलं, हे विचारलंच नाही. काही आठवड्यांनी तो घोडी घेऊन आला तेव्हा दोन्ही कोपरांमागे कातडी सोलवटलेली होती. तंग आखूड पडला होता, त्यामुळे बकलं नेमकी कोपराच्या मागे येऊन दर पावलाला घासत होती. जखम भरली, पण तिथे पांढरे केस उगवले ते कायमचे. चूक सर्वस्वी आमची होती.

तेव्हापासून मापाशिवाय आम्ही तंग देत नाही. पॅड आणि खोगीर घोड्यावर ठेवायचं, एका बाजूच्या रिगिंगच्या (खोगिराला तंग जिथे अडकवतात त्या) कडीपासून पोटाखालून दुसऱ्या बाजूच्या कडीपर्यंत टेप धरायची आणि त्यातून १६ ते १८ इंच वजा करायचे. टेप ५० इंच दाखवत असेल तर ३२ किंवा ३४. तंग दोन-दोन इंचांच्या फरकाने येतात. पण हा हिशेब फक्त सुरुवातीचा. तंग आवळल्यावर दोन्ही बकलं सारख्या उंचीवर आहेत ना, कोपराच्या बरीच वर आहेत ना, आणि बकल ते कडी यांच्यामध्ये डावीकडचा लॅटिगो (तंग आवळायची चामडी पट्टी) ओढायला जागा उरते ना, हे डोळ्यांनी पाहायचं. तंग फार लांब असला तर बकलं खोगिराखाली जातात आणि आवळायला काही उरतच नाही.

आता आमचं बहुतेक काम मोहेरच्या दोरांचं आहे. मोहेर म्हणजे अंगोरा शेळीची लोकर. तंतू लांब आणि गुळगुळीत, त्यामुळे घासतो कमी. घाम शोषतो, हवा खेळू देतो आणि घोड्याच्या श्वासाबरोबर थोडा ताणतो. सरळ तंगात आम्ही १७ दोर घेतो, रोपिंगसाठीच्या रुंद तंगात २७. दोराच्या फासाने पकडलेल्या जनावराचं ओझं हॉर्नवर, म्हणजे खोगिराच्या पुढच्या खुंटीवर आदळतं तेव्हा दाब छातीच्या स्नायूंवर पसरायला हवा, म्हणून ती रुंदी. पण रुंद म्हणजे नेहमी चांगला, असं नाही. बुटक्या, आखूड अंगाच्या घोड्याला रुंद तंगाची कड कोपरात रुतते. रोज फिरायला जाणाऱ्याला सरळ तंग पुरतो. बकलं आम्ही स्टेनलेस स्टीलचीच लावतो. मुलामा दिलेली घामाने गंजतात, आणि गंजाची खरखर थेट कातडीवर.

काही खोगिरांना मागे दुसरा तंगही असतो. तो मागचा तंग घेणाऱ्याला आम्ही पुढच्या-मागच्या तंगाला जोडणारी छोटी पट्टी दिल्याशिवाय सोडत नाही. ती नसली तर मागचा तंग सरकून घोड्याच्या मऊ कुशीला लागतो आणि घोडा उसळतो. आवळताना आधी पुढचा, सोडताना आधी मागचा.

मोतद्दारांना मी एवढंच सांगतो, एका दमात आवळू नका. बरेच घोडे तंग लागताच अंग ताठ करतात. दोन-तीनदा थोडा थोडा आवळा, मधे चार पावलं चालवा, मग पुढचे पाय एकेक करून पुढे ओढा, म्हणजे तंगाखाली दुमडलेली कातडी मोकळी होते. स्वार होण्याआधी बोटं घालून पुन्हा पाहा. दोर तुटला असेल, लॅटिगोची भोकं ताणून लांबट झाली असतील, तर त्या दिवशी खोगीर चढवू नका.

घोडा चरून सुटतो, कामाने उतरतो. गेल्या मोसमातलं माप चालत नाही. त्यामुळे जुना ग्राहक नवा तंग मागतो तेव्हा आमच्या वहीत त्याचं माप असलं तरी आम्ही ते पुन्हा घ्यायला लावतो, आणि खोगीर चढवलेल्या घोड्याचे दोन्ही बाजूंचे फोटो मागवतो. ते आले की मगच तंग बनवायच्या चौकटीवर पहिला दोर चढतो.