ढालेतला लहरी तारा आणि जांबोटीचा पाऊस

आमच्या जांबोटी भागात पाऊस एकदा लागला की सप्टेंबरपर्यंत आभाळ दिसायचं नाव नाही. भाताला बरं आहे, माझी मात्र पंचाईत. मी ज्याच्या मागे लागलोय तो ढाल तारकासमूहातला 'आर स्क्युटी', तेज कमी-जास्त होणारा तारा, नेमका जुलैच्या सुरुवातीला मध्यरात्री सगळ्यात उंच येतो. म्हणजे ऐन हंगामात वहीची पानं कोरी.

दिवसा मी बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यात सीएनसीवर (संगणकानं चालणारं कापकामाचं मशीन) असतो. तिथं दोन शतांश मिलिमीटर इकडचं तिकडं झालं की जॉब रिजेक्ट. रात्री गच्चीवर मात्र डोळ्यानंच ठरवायचं, तारा 4.5 प्रतीचा (प्रत म्हणजे तेजाचा आकडा) आहे की 4.6! ढालेतलाच बीटा 4.2 प्रतीचा आणि ईटा 4.8 चा (आकडा लहान तितका तारा तेजस्वी). आर त्यांच्या बरोब्बर मधला वाटला तर 4.5, बीटाकडे झुकला तर 4.4. टक लावून बघायचं नाही. तांबूस तारा जास्त वेळ बघितला की डोळा त्याला उगाच तेजस्वी करून सांगतो. नजर टाकायची, काढायची, आकडा लिहायचा.

आई खालून ओरडते, "काय बघूलायस रे रोज रोज तेच?"

तेच असतं तर बघितलं नसतं. डेल्टा सेफीसारखा तारा सरळमार्गी, 5 दिवस 9 तासांत उजळण्या-मंदावण्याचा एक फेरा. त्याच्या आतला हेलियमचा थर दाबला गेला की तापतो, त्याचे इलेक्ट्रॉन सुटतात, थर अपारदर्शक होऊन उष्णता अडवतो. अडकलेली उष्णता थराला बाहेर ढकलते. फुगून थंडावला की तो पुन्हा पारदर्शक, उष्णता निसटते, वरचा भार खाली बसतो, की फेरा पुन्हा सुरू.

आर स्क्युटी आरव्ही टौरी जातीचा. त्याचं तेज एकदा खोल उतरतं, मग उथळ, मग पुन्हा खोल. खोल ते खोल साधारण 140 दिवस. हा झाला कागदावरचा नियम. मधेच खोल-उथळची अदलाबदल होते, कधी उतार धड पडतच नाही. 4.2 पासून 8.6 पर्यंत कुठंही सापडेल. इंग्रज खगोलनिरीक्षक एडवर्ड पिगॉटनं 1795 मध्ये त्याचा बदल ओळखला, तरी वेळापत्रक अजून बसलेलं नाही. 1990 च्या दशकात खगोलशास्त्रज्ञ रॉबर्ट बुखलर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की ही लहर आंधळी नाही, दोन स्पंदनं एकमेकांत गुंतून होणारा गणिती केऑस आहे, म्हणजे नियम असूनही लांबचा अंदाज बांधता येत नाही. आणि त्यांनी तपासलेल्या नोंदी कुणाच्या? हौशी लोकांनी डोळ्यानं घेतलेल्या. हे वाचल्यावर मी वही नीट ठेवायला लागलो.

असेच एक हौशी, बंगालातल्या जेसोरचे (आता बांगलादेशात) राधागोविंद चंद्र खजिन्यात कारकून होते. नोकरी सांभाळून त्यांनी रूपविकारी (तेज बदलणाऱ्या) ताऱ्यांच्या 37 हजारांहून जास्त नोंदी केल्या. अमेरिकेतल्या निरीक्षक संघटनेनं त्यांना दुर्बीण पाठवली. पाऊस बंगालातही काही कमी नसतो.

खानापूर-जांबोटीकडे कुणाला बघायचं असेल तर ऑक्टोबरात अंधार पडताच नैर्ऋत्येला गरुड तारकासमूहाच्या शेपटीखाली बघा. आधी बीटा सापडवा, आर त्याच्या खाली अगदी जवळच. 10 बाय 50 ची (10 पट मोठं दाखवणारी, 50 मिलिमीटर भिंगांची) दोन डोळ्यांची साधी दुर्बीण पुरे. टेलिस्कोपला पैसे घालायची घाई करू नका.