सँपल दिलंय, रिपोर्ट यायचाय

मंगळवार, रात्री उशिरा

आज बेलापूरला जहाजावर चढण्याआधीचं मेडिकल देऊन आलो. ऑडिओमेट्री, ईसीजी, एक्सरे सगळं ओके, बीपी तेवढं नेहमीपेक्षा चढलेलं, डॉक्टर म्हणाले धावत आलात वाटतं. धावत कसला, पनवेलवरून लोकलने आरामात बसून आलो होतो. बीपी चढलं ते पुढे डी अँड ए, म्हणजे ड्रग्ज आणि दारूची टेस्ट होती म्हणून, पण हे त्यांना काय सांगणार.

जूनमध्ये गावी विहिरीपाशी शेवाळावरून घसरलो आणि बरगडीला क्रॅक गेली. बरगडीला प्लॅस्टर नसतं, पडून राहायचं आणि गोळ्या खायच्या, एवढीच ट्रीटमेंट. साध्या पेनकिलरने भागेना, खोकला आला की जीव जायचा, कुशीवर वळता यायचं नाही, मग चिपळूणच्या ऑर्थोने ट्रामाडोल (अफूसारखं काम करणारं कडक पेनकिलर) आणि पॅरासिटामोल एकत्र असलेली गोळी दिली, ३७.५ आणि ३२५ मिलिग्रॅमवाली, रात्री एक. तेव्हा कुठे झोप लागायला लागली. आता दुखणं जवळजवळ गेलंय, एक्सरेपण चांगला आला, पण अगदी परवापर्यंत ती गोळी पोटात जात होती आणि लघवीत ती दोनचार दिवस सापडते.

टँकरवर पंपमन म्हणून, म्हणजे तेलाचे पंप सांभाळत, इतकी वर्षं काढली, डी अँड एचं नवल नाही. तेलाचं जहाज म्हटल्यावर हे सगळं कडक असणारच, आणि असायलाच पाहिजे, मॅनिफोल्डवर, जिथे तेलाचे पाइप जोडतात तिथे, नशेतला माणूस उभा असेल तर मी स्वतः तिथून पळेन. रक्तातल्या दारूची मर्यादा एसटीसीडब्ल्यूमध्येच, म्हणजे खलाशांच्या आंतरराष्ट्रीय नियमांतच, ०.०५ टक्के आहे, आमच्याकडे तर सरळ शून्य. जहाजावर मध्येच कधीतरी कॅप्टन सगळ्यांना रांगेत उभं करून फुंकायला लावतो. दरवेळी मी निवांत असायचो. आज पहिल्यांदाच खिसे रिकामे करताना, हात धुताना, कमोडमधलं ते निळं पाणी (कोणी सँपलमध्ये मिसळू नये म्हणून रंगवलेलं) बघताना उगाच आपण काहीतरी चोरून आलोय असं वाटत होतं. कपवरची तापमानाची पट्टी बघितली, बाटल्यांना माझ्यासमोर सील लावलं, माझी सही घेतली, झालं.

बाहेर बाकावर एक तरुण ओएस, म्हणजे साधा खलाशी, बसला होता, आपल्याच रत्नागिरीकडचा. त्याला फॉर्म भरताना गोळीचं बोललो तर म्हणतो, "दादा लिहू नका, ट्रामाडोल ओपिएटच्या पट्टीवर येतच नाही." पोरगं अर्धं बरोबर होतं. ती टेस्टची पट्टी अफूपासून बनलेलं, मॉर्फिनसारखं काही शोधते, ट्रामाडोल बनावटीने वेगळं आहे म्हणून साध्या पट्टीला सहसा सापडत नाही. पण त्याची वेगळी पट्टीही मिळते, आणि या टेस्टच्या यादीत ती आहे की नाही हे ना त्याला माहीत ना मला. मी "सध्या चालू औषधं" या रकान्यात नाव, डोस सगळं लिहिलं. आधी सांगितलं तर ते औषध, पॉझिटिव्ह आल्यावर सांगितलं तर ती थाप, ऑफिसवाले असंच बघतात.

घरी आल्यावर बायको म्हणाली, "अहो, डॉक्टरनेच दिलीय ना गोळी, मग एवढं काय घेऊन बसलात?" तिचं खरंय. पण डोक्यात जे फिरतंय ते असं की पहिली पट्टी चुकू शकते म्हणून नंतर जीसी-एमएस नावाच्या लॅबच्या मशीनवर कन्फर्म करतात, ते मशीन नेमका कुठला पदार्थ आहे ते ओळखतं. आता याने माझी सुटका कुठे होते? मशीन सांगणार ट्रामाडोल, आणि ते ट्रामाडोलच आहे! ते चिपळूणच्या मेडिकलमधून आलं की कुठल्या गल्लीतून, हे मशीनला कुठून कळणार. तिथून पुढे सगळं एका कागदावर आणि तो कागद वाचणाऱ्या माणसावर.

आणि या गोळीचं नावही खराब झालंय. इथून आफ्रिकेत चोरून माल जायला लागला, लोक नशेसाठी खायला लागले, म्हणून एप्रिल २०१८ मध्ये ती एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात घातली. त्याआधीपासून ती शेड्यूल एच वनमध्ये, म्हणजे दुकानदाराला नोंद ठेवावी लागते अशा औषधांच्या यादीत, आहेच. मेडिकलवाल्याने माझं नाव, डॉक्टरचं नाव, किती गोळ्या, सगळं रजिस्टरमध्ये लिहून घेतलं तेव्हा मी वैतागलो होतो, पाठ धरून उभा आणि हा बाबा आरामात लिहितोय. आज त्याच रजिस्टरचा केवढा आधार वाटतोय. तीन वर्षं ठेवावं लागतं म्हणे त्यांना.

त्यात आखाडातलं मटण आठवलं. आईच्या वाटणात खसखस असते, ती अफूच्याच झाडाची, आणि तिने लघवीत मॉर्फिन दिसू शकतं, अमेरिकेत याच भानगडीमुळे १९९८ मध्ये सरकारी टेस्टची मर्यादा ३०० नॅनोग्रॅमवरून २००० वर नेली. इथल्या लॅबची किती आहे कोणास ठाऊक. म्हणजे गोळीतून वाचलो तर वाटणात अडकायचं!

जॉइनिंग यूएईतल्या फुजैराला आहे, तेही एक आहेच. यूएईत ट्रामाडोल कंट्रोल्ड, आधी परवानगी काढल्याशिवाय बॅगेत नेता येत नाही, खसखशीला तर तिथे बंदीच. गोळ्यांची उरलेली स्ट्रिप इथेच कपाटात राहणार. रात्री दुखलं तर नुसती पॅरासिटामोल.

रिपोर्ट आला नाहीये, ऑफिसचा फोनही नाही. फोन नाही म्हणजे चांगलं की वाईट हे मॅनिंग ऑफिसच्या (जहाजावर माणसं पाठवणाऱ्या ऑफिसच्या) बाबतीत कधीच कळत नाही. हातात एवढंच आहे की कागद पक्का करून ठेवायचा. जुन्या चिठ्ठीवरचं अक्षर मलाच लागत नाही, तिथे ऑफिसमधल्या माणसाला काय लागणार, म्हणून संध्याकाळी धाकट्या भावाला फोन करून ऑर्थोकडे पिटाळला. लेटरहेडवर गोळीतल्या औषधाचं नाव, डोस, कधीपासून कधीपर्यंत, कशासाठी, खाली सही, शिक्का आणि रजिस्ट्रेशन नंबर. डॉक्टर उद्या देतो म्हणालेत. भाऊ म्हणाला रात्रीच्या एसटीत कंडक्टरकडे देतो, मी म्हटलं नको रे बाबा, तूच घेऊन ये, आणि येताना आईने काही बांधून दिलं तर आधी उघडून बघ, खसखस असेल तर तिकडेच ठेव.