जॅक ट्राइसच्या नावाचं मैदान

अमेरिकेतले आमचे बाकीचे दिवस सांगण्यासारखे नाहीत. शिकागो पाहिलं, नायगारा पाहिला, सगळे पाहतात तसाच. लिहावंसं वाटतंय ते आयोवातल्या एम्स या लहानशा गावाबद्दल आणि तिथल्या कॉलेज फुटबॉलच्या स्टेडियमबद्दल.

भाचा तिथल्या आयोवा स्टेट युनिव्हर्सिटीत कृषिशास्त्रात पीएचडी करतोय. "मामा, तुम्ही कोल्हापूरचे, आणि मॅच न बघता जाणार? चला की," म्हणून त्यानं तिकिटंच काढून ठेवली. मला उत्साह नव्हता. फुटबॉल म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे शाहू स्टेडियम आणि पाटाकडील-शिवाजीची मॅच येते. अमेरिकेत मात्र चेंडू हातात धरून पळायचं, धडका द्यायच्या, दर थोड्या वेळानं थांबायचं. नियम मला शेवटपर्यंत नीट कळले नाहीत.

डे मॉइनहून उत्तरेला तासाभराच्या आत एम्स येतं. दोन्ही बाजूंना मक्याची कापणी झालेली रानं, वर मोठं आभाळ, आणि वाऱ्याला अडवायला काहीही नाही. स्टेडियमभोवतीच्या गवतावर हजारो गाड्या लागलेल्या. पिकअपची मागची फळी खाली पाडून लोक शेगड्या पेटवून बसलेले. लाल-पिवळे कपडे घातलेली अख्खी खानदानं, तान्ह्या पोरापासून आजीपर्यंत. खरं सांगतो, अशी अगत्याची माणसं मला मोठ्या शहरांत भेटली नाहीत. ओळख ना पाळख, एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं आम्हाला हाक मारून खुर्च्या दिल्या, हातात गरम अ‍ॅपल सायडर दिलं. कुठून आलात, पाऊस किती पडतो, शेती किती, सगळं विचारून झालं. मग म्हणाला, "आत जायच्या आधी जॅकला भेटा. आणि पत्र वाचा."

जॅक म्हणजे जॅक ट्राइस. स्टेडियम त्याच्याच नावाचं आहे. मला वाटलं, असेल कोणी मोठा देणगीदार, नाहीतर खूप जिंकून देणारा प्रशिक्षक. अमेरिकेत बहुतेक मोठ्या मैदानांना अशांचीच नावं असतात. पुतळ्यासमोर गेलो तर विशीतला एक काळा मुलगा. डोक्याला हेल्मेट नाही, चाल करून जाण्याचा पवित्रा नाही. साध्या विद्यार्थ्याच्या वेशात, हातात कागद धरून वाचत उभा.

तो कागद त्यानं 5 ऑक्टोबर 1923 च्या रात्री मिनीॲपोलिसच्या एका हॉटेलात, त्यांच्याच लेटरहेडवर लिहिला. दुसऱ्या दिवशी मिनेसोटाविरुद्ध मॅच होती. सुरुवात अशी: माझ्या वंशाची, माझ्या घराची आणि माझी स्वतःची इज्जत पणाला लागली आहे. मी काहीतरी मोठं करीन अशी सगळ्यांची अपेक्षा आहे. मी करीन! इथवर वाचून मला वाटलं, पुढेही असंच भारदस्त काही असणार. पण पुढे सगळ्या स्वतःला दिलेल्या सूचना आहेत. समोरची फळी फोडून त्यांचा डाव त्यांच्याच हद्दीत थांबवायचा. खाली वाकून लढ, डोळे उघडे ठेव, नजर खेळाकडे. अमुक चालीपासून सावध राहा. परीक्षेच्या आदल्या रात्री पोरं वहीच्या मागच्या पानावर लिहून काढतात ना, तशा. खाली सही, नुसतं 'जॅक'. तिथं मला पुढे वाचवेना. एवढ्या मोठ्या ओझ्याखाली तो एकवीस वर्षांचा मुलगा रात्री एकटा बसून उद्याची उजळणी करत होता.

त्याचा जन्म 1902 मध्ये ओहायोतल्या हायरम गावचा. वडील लवकर गेले. आईनं त्याला शिकायला क्लीव्हलंडला नातेवाइकांकडे पाठवलं. तिथल्या शाळेचे प्रशिक्षक सॅम विलामन 1922 मध्ये आयोवा स्टेटला आले, त्यांच्या मागोमाग जॅक आणि त्याचे काही सवंगडी. विद्यापीठाच्या संघातला हा पहिला काळा खेळाडू. फी आणि संसार भागवायला मिळेल ते काम करायचा. लग्न झालेलं होतं, बायकोचं नाव कोरा मे. शिकत होता पशुसंवर्धन. दक्षिणेतल्या काळ्या शेतकऱ्यांना या शिक्षणाचा उपयोग करून द्यायचा, हे त्याचं स्वप्न.

हे ऐकलं आणि मी भाच्याकडे बघितलं. आपल्याकडे शाळकरी वयातच ज्यांचं चरित्र हातात पडतं ते जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर याच एम्समध्ये शिकले. 1891 मध्ये इथले पहिले काळे विद्यार्थी म्हणून आले, पुढे इथेच शिकवलं, आणि 1896 मध्ये टस्कीगीला गेले ते दक्षिणेतल्या गरीब शेतकऱ्यांसाठीच. जॅक त्याच वाटेनं निघाला होता. वाट पुरी झाली नाही एवढंच.

त्या मॅचमध्ये सुरुवातीलाच त्याचं गळ्याजवळचं हाड मोडलं. तरी तो खेळत राहिला. तिसऱ्या क्वार्टरमध्ये, म्हणजे मॅचच्या चार भागांतल्या तिसऱ्यात, समोरून येणाऱ्यांना अडवायला त्यानं अंग झोकून दिलं, पाठीवर पडला आणि मिनेसोटाचे खेळाडू त्याला तुडवून गेले. मुद्दाम केलं की खेळाच्या ओघात झालं, हा वाद आजही मिटलेला नाही. मिनीॲपोलिसच्या इस्पितळानं प्रवासाला हरकत नाही असं सांगितलं. रेल्वेत गवताच्या गादीवर आडवं घालून त्याला एम्सला आणलं. 8 ऑक्टोबरला अंतर्गत रक्तस्रावानं तो गेला. पत्र त्याच्या कोटाच्या खिशात सापडलं. अंत्यविधीच्या वेळी विद्यापीठाच्या अध्यक्षांनी ते वाचून दाखवलं, तेव्हा हजारो लोक जमले होते.

आत गेलो. साठ हजारांवर माणूस मावतो तिथं. वारा हाडांत शिरत होता, अ‍ॅल्युमिनियमचा बाक बर्फासारखा गार. पहिला अर्धा भाग मी नुसता गर्दीच बघत होतो. तिसऱ्या क्वार्टरमध्ये एक खेळाडू उठला नाही. क्षणात अख्खं मैदान गप्प. दोन्हीकडचे खेळाडू गुडघ्यावर बसले. डॉक्टर, मदतनीस धावले, मानेला आधार देऊन त्याला गाडीवर घेतलं. त्यानं अंगठा वर केला आणि स्टेडियमभर टाळ्या पडल्या. मी टाळ्या वाजवत होतो आणि मला संतापही येत होता. एवढी काळजी घेता येते! मोडक्या हाडानिशी त्या मुलाला मैदानात का राहू दिलं? बसायला सांगणारं कोणीच का नव्हतं? आणि त्या काळात मिसुरीसारखे संघ समोर काळा खेळाडू असेल तर खेळायला राजी नसत. अशा वेळी 'मला दुखतंय' हे शब्द त्याच्या तोंडून निघणार तरी कसे?

मॅच यजमानांनी जिंकली. गर्दी पांगेपर्यंत आम्ही पुन्हा त्या शेतकऱ्याच्या शेगडीपाशी जाऊन बसलो. सत्तरच्या दशकात तो इथं विद्यार्थी होता. जॅकची आठवण त्या वेळी जुन्या व्यायामशाळेतल्या एका पाटीपुरती उरली होती. 1973 च्या सुमारास काही विद्यार्थी आणि प्राध्यापकांनी ती गोष्ट उकरून काढली आणि नवं स्टेडियम होतंय त्याला याचंच नाव द्या म्हणून सह्या गोळा करायला सुरुवात केली. यानंही केल्या होत्या, कडाक्याच्या थंडीत वसतिगृहांच्या दारादारांत उभं राहून. 1975 मध्ये स्टेडियम उघडलं ते बिननावाचं. 1984 मध्ये तडजोड झाली: स्टेडियमला संघाचं 'सायक्लोन' हे नाव, फक्त आतलं मैदान जॅकच्या नावानं. विद्यार्थ्यांनी तेवढ्यावर गप्प न बसता 1988 मध्ये स्वतःच्या निधीतून पुतळा उभा केला. अख्ख्या स्टेडियमला नाव मिळालं ते 1997 मध्ये. आता आतल्या मैदानाला एका वीज कंपनीचं नाव आहे, मला ते आवडलं नाही, पण बाहेरचं मोठं नाव जॅकचंच आहे आणि राहील. अमेरिकेत कॉलेज फुटबॉलच्या वरच्या श्रेणीत एका काळ्या माणसाच्या नावाचं स्टेडियम हे एकच.

मोठ्यांनी टाळलेलं काम विद्यार्थ्यांच्या एकामागून एक आलेल्या पिढ्यांनी जवळजवळ चोवीस वर्षं लावून धरलं, याचं मला फार अप्रूप वाटतं. चार वर्षांत पास होऊन जाणारी पोरं ती. पहिल्यांदा सह्या करणाऱ्यांतला एकही जण नाव लागलं तेव्हा तिथं शिकत नव्हता.

तुम्ही गेलात तर मॅचच्या दिवशी पुतळा बघायच्या भरीस पडू नका. लोक पाठ करून फोटो काढत असतात, पत्र शांतपणे वाचून होत नाही. साध्या दिवशी सकाळी जा. भाच्याला पुढच्या सुट्टीत मी हायरमला घेऊन जायला सांगितलंय, जॅकला तिथंच पुरलंय. विद्यापीठानं 2022 मध्ये त्याला मरणोत्तर पदवी दिली. पशुसंवर्धनाची.